दुर्बिणीतला उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

‘पोटात दुर्बीण घालून बघू’ म्हटलं की पेशंट आधी नळीची जाडी विचारतो. आत उजेड कसला पाडणार, हे कुणी विचारत नाही. आणि गेल्या वीसेक वर्षांत मोठा फरक पडलाय तो नेमका तिथे.

साध्या पांढऱ्या उजेडात अन्ननलिकेचं अस्तर गुलाबी दिसतं. नुकता सुरू झालेला कर्करोगही जवळपास तसाच. गाठ नाही, जखम नाही, फार तर किंचित लालसर डाग. मुरलेल्या डॉक्टरच्याही नजरेतून निसटेल असा. यावर आधी रंगाचा उपाय निघाला. लुगोलचं आयोडीन आत फवारायचं. निरोगी पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा असतो, त्या तपकिरी होतात. बिघडलेला भाग फिकाच राहतो. उपाय नामी, पण आयोडीनने छातीत जळजळतं.

मग जपानमध्ये ऑलिंपस कंपनी आणि तिथल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राने उजेडच गाळून घेतला. २००५-०६ च्या सुमारास ही यंत्रं बाजारात आली. नाव नॅरो बँड इमेजिंग. आम्ही नुसतं एनबीआय म्हणतो. ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा आणि ५४० चा हिरवा, उजेडाचे एवढेच दोन पट्टे. रक्तातलं हिमोग्लोबिन हे दोन्ही शोषून घेतं. निळा उजेड खोल शिरत नाही, म्हणून अगदी वरच्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात आणि खालच्या जाड शिरा निळसर-हिरव्या. दुर्बिणीच्या मुठीवरचं बटण दाबायचं, की मघाच्या त्या डागात तपकिरी ठिपके उमटतात. फुगलेल्या, वेड्यावाकड्या केशवाहिन्या त्या. तपासणीला तुकडा तिथूनच घ्यायचा. वर्षानुवर्षं तंबाखू खाणाऱ्याची, दारू पिणाऱ्याची अन्ननलिका मी तरी या उजेडात पुन्हा एकदा बघतोच.

मोठ्या आतड्यात मात्र याचं कौतुक जरा बेतानं करावं. सापडलेला पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मोड, कुठल्या जातीचा, हे ओळखायला एनबीआय कामाचं. शोधून काढायला ते चांगल्या पांढऱ्या उजेडाहून सरस ठरेलच, असं नाही. त्यात आतडं साफ नसेल तर पंचाईतच. या उजेडात उरलेला मळ आणि पित्त रक्तासारखं लाल दिसतं. तेव्हा पोट साफ करायला दिलेलं पावडरचं पाणी अर्धं बेसिनमध्ये ओतून ‘सगळं घेतलं, डॉक्टर’ म्हणू नका. स्क्रीनवर आम्हाला कळतं.