बोका जाळीतून आत आलाच नाही

हा पिंजरा नीट बघा. कुठं तुटलेला नव्हता, कडी लागलेली होती, जाळी जशीच्या तशी होती. तरी मागच्या उन्हाळ्यात याच पिंजऱ्यातली आमची एक बजरी, म्हणजे बारका पोपटच, गेली.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरावर टिनं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की टिनाखाली माणूस टिकत नाही तर 30-40 ग्रामचं पाखरू काय टिकणार, म्हणून पिंजरा आंगणात, कडूनिंबाखाली. बजरी म्हणजे बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ते, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपला राघू नाही हां, राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, खेड्यात अजूनही लोक ठेवतात पण खरंच ठेवू नका.

तर त्या रात्री दोनेक वाजता एकदम फडफड झाली, बॅटरी घेऊन धावलो तर शेजारचा बोका पिंजऱ्याला बिलगून उभा, मला पाहून पळाला. मोजले, सहाच्या सहा होते. म्हटलं चला, वाचले. एकीच्या पंखाखाली टाचणीच्या टोकाएवढं रक्त होतं, हळद लावली आणि झोपलो. सकाळी ती पिसं फुगवून खाली बसलेली, दाणा नाही, पाणी नाही, आणि दिवेलागणीला गेली.

ते टाचणीएवढं रक्तच तर सगळं होतं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, चाटून चाटून ते नखांवरही येतात, आणि पाखराच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतात, जखम केवढी का असेना. म्हणून मांजराचं नख किंवा दात लागलाय अशी नुसती शंका आली तरी थांबायचं नाही. खोक्याला भोकं पाडायची, आत सुती कपडा, पाखरू अंधारात उबेत ठेवायचं, जबरदस्तीनं पाणी पाजायचं नाही आणि थेट ढोरांच्या दवाखान्यात जायचं, डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की मांजरानं पकडलं होतं. अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तरच काही आशा असते. मला हे तेव्हा माहीत असतं तर.

आता जाळी. आमच्या पिंजऱ्याला षटकोनी कोंबडीजाळी होती, दुकानदार म्हणाला पाखरू बाहेर निघत नाही. बरोबर आहे, निघत नाही, पण मांजराचा पंजा आत जातो ना! पाखरू घाबरून जाळीला चिकटतं आणि बोका बाहेर बसूनच काम करतो.

म्हणून हे नवीन केलं. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी, आणि ती एक नाही, दोन, मधे तीन बोटं जागा सोडून. बाहेरून नख अडकलं तरी आतल्या पाखरापर्यंत पोचत नाही. खर्च वाढला, खोटं बोलणार नाही. नवीन जाळीवर जस्त असतं आणि बजऱ्या चोचीनं धरून धरून चढतात, ते पोटात गेलं तर विषबाधा होते, म्हणून आधी व्हिनेगर लावून ब्रशनं घासली, धुतली, मगच ठोकली.

पिंजरा आधी फांदीला टांगलेला असायचा, बोका फांदीवरूनच यायचा. आता लोखंडी स्टँडवर आहे, भिंतीपासून आणि झाडापासून लांब. नुसता उंच ठेवून भागत नाही, मांजर उभ्या जागेवरून चार-पाच फूट आरामात उडी मारते. पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळलाय, त्यावर नखं धरत नाहीत.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. पिंजऱ्याखाली राळा-बाजरी सांडते, त्यावर रात्री उंदीर येतात, उंदरामागं मांजर येते, कधी सापही. म्हणजे बोक्याला आमंत्रण आम्हीच देत होतो. आता सूर्य मावळायच्या आत खालचा ट्रे झाडून होतो.

बोक्याचं काय करायचं? एक जण म्हणाला, उंदराचं औषध भाकरीत घाल. अजिबात नाही. तो गुन्हा आहे, आणि ती भाकर दुसऱ्याचं कुत्रं खाईल, कोंबडी खाईल. शेजारच्या काकूंकडं गेलो तर त्या म्हणाल्या, "मी का त्याले दावं लावू बाप्पा? तो रातभर फिरते." खरंच आहे त्यांचं. गळ्यात घुंगरू बांधा असंही लोक सांगतात, पण पिंजऱ्यातलं पाखरू घुंगरू ऐकून उडून जाणार कुठं? काकूंनी मात्र एक केलं, त्याचं दूध-भाकर आता संध्याकाळीच देतात आणि रात्री त्याला न्हाणीघरात कोंडतात, जमेल तेव्हा.

कोंबडीची पिल्लं असतील तर रात्री डाल्यावर दगड ठेवा, मुंगूसही येतं.

आता साडेसहा वाजले. पोरगी पिंजऱ्याच्या तीन बाजूंनी जुनं लुगडं ओढून राहिली, चौथी बाजू हवेला मोकळी आणि जवळ एक झिरो बल्ब, कारण मिट्ट अंधारात दचकल्या तर बजऱ्या जाळीवर डोकं आपटून घेतात. आज बोका काकूंच्या हाती लागला नाही, तो बघा, भिंतीवर येऊन बसला. पाची जणी दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्यात, एकीनं झोपायला चोच आपल्याच पाठीत खुपसली पण.