पेटी, टाळ आणि रेव्हरंड टिळक

ही पेटी बघा. पांढऱ्या पट्ट्या पार पिवळ्या पडल्यात, भाता एका बाजूने कापडाची पट्टी लावून चिकटवलाय, पण राहुरी तालुक्यातल्या या छोट्या चर्चमध्ये रविवारी सकाळी अजून हीच पेटी लागते. बाजूला टाळांची जोडी, आणि आजींच्या मांडीवर 'उपासना संगीत', म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक. पुस्तक नुसतं सोडलं ना तरी आपोआप एका ठराविक पानावर उघडतं, इतकं ते पान गायलं गेलंय, खालचा कोपरा बोट लागून लागून काळा झालाय.

या पुस्तकातली अडीचशेच्या आसपास गाणी एकाच माणसाची आहेत. नारायण वामन टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' शिकलो ना आपण, तेच हे टिळक, फुलामुलांचे कवी.

1861 चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, घर चित्पावनांचं. नाशिकला शिकले आणि मग पाय एका जागी टिकलाच नाही, कधी मास्तरकी, कधी कीर्तन, कधी कुणाच्या आश्रयाने ग्रंथांचं काम, आज या गावी तर उद्या त्या.

आणि मग ही रेल्वे. 1893 साल, नागपूरहून राजनांदगावला निघालेले टिळक, डब्यात समोर एक गोरे गृहस्थ. बोलता बोलता कवितेवरून देवावर गप्पा गेल्या, उतरताना त्या माणसाने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षांनी परत आल्या, 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, ते सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे.

आता हे टाळ जवळून बघा, कारण खरी गोष्ट इथे आहे. तेव्हा चर्चमध्ये बरीच गाणी विलायती चालींवर बसवलेली असायची, मराठी शब्द त्या चालीत कोंबलेले, ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व. देशी चालीवर लिहिणारे नव्हते असं नाही, नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे आधीपासून लिहीत होते. पण टिळक आले ते अभंग घेऊन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगायचे, आणि त्यांची गाणी ऐकली की पटतं. कीर्तनालाही तसेच उभे राहायचे, आधी नमन, मग मुख्य अभंग, त्यावर निरूपण, नंतर आख्यान, फक्त आख्यान येशूचं. ऐकणाऱ्याला काही नवीन शिकावं लागायचं नाही, कारण धृपद कुठे उचलायचं आणि टाळी कुठे पडते हे त्याला लहानपणापासून माहीत, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला अख्खं गाव गात असणार! मला तर वाटतं मराठी माणसापर्यंत ख्रिस्त पोचवायचा याहून जवळचा रस्ता कुणाला सापडला नाही, आणि आज कीबोर्ड आणि प्रोजेक्टरच्या नादात आपण हा रस्ता सोडला तर फार मोठं नुकसान आहे.

1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा, 1912 पासून 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन, शिवाय 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य लिहायला घेतलेलं. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा झालेला असो नसो, ख्रिस्ताचा भक्त असला की तो आपला. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले. 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

काकांनी पेटीवर सूर धरलाय. आजींनी पुस्तक मिटून ठेवलं, त्यांना लागतच नाही. पहिली ओळ बायका घेतील, मागून पुरुष. ऐका.