एकच सुई चार घोड्यांना लावू नका भाऊ

राम राम मंडळी. तुळशीचं लगन झालं की आपल्याकडे नवरदेवाच्या घोड्यांचा सीझन सुरू होते, तर मागच्या सीझनमध्ये एका जागी चार घोड्या बांधलेल्या अन् एक जण एकाच सुईनं चौघींनाही ताकदीचं इंजेक्शन देत गेला. मी तिथंच होतो, बोललो नाही. आज बोलतो.

घोड्यांचा एक व्हायरस आहे, रोगाचं नाव इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया. हा रक्तातून रक्तात जाते. गोमाशीचं पाहा, ती चावली की घोडी शेपटी मारते, माशी उडते पण तिचं पोट भरलेलं नसते, मग ते ओलं रक्त तोंडाला घेऊनच ती बाजूच्या घोडीवर बसते. माशीच्या तोंडावर हा व्हायरस फार तर चार तास टिकते, पण सुईवर चार दिवस राहू शकते, आता सांगा माशी जास्त डेंजर का सुई!

आत गेल्यावर काय होते? जंतू गिळणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात ना, हा त्यातच शिरते, तिथंच वाढते, अन् प्लीहा (पोटातला रक्त गाळणारा अवयव), लिव्हर, लसिका गाठी सगळीकडे पोचते. लाल पेशी तो स्वतः फोडत नाही बरं का, त्याचे तुकडे लाल पेशींना चिकटतात, मग शरीराला वाटते ह्या परक्या आहेत अन् प्लीहा-लिव्हरमधल्या पेशी आपलंच रक्त खात सुटतात, वरून हाडातल्या मगजात नवीन रक्त बनणंही कमी होते. म्हणून हिरड्या पांढऱ्याफटक, पोटाखाली सूज, ताप १०५ च्या घरात, अन् घोडी वाळत जाते.

मग ताप उतरते. मालक म्हणते झाली बरी. पण नाही झाली भाऊ, व्हायरसनं फक्त वरचं कवच बदललेलं असते, जुनी प्रतिकारशक्ती त्याला ओळखत नाही, पुन्हा ताप. असं साधारण वर्षभर चालते, मग घोडी चांगली दिसते पण व्हायरस मरेपर्यंत रक्तात असते, कारण हा एचआयव्हीच्याच खानदानातला आहे, पेशीच्या जीन्समध्ये जाऊन बसते. (माणसाला होत नाही, घाबरू नका.) रात्र रात्र वरातीत डीजेपुढं नाचवली, थकवली, की पुन्हा उचल खाऊ शकते.

औषध नाही, आपल्याकडे लसही नाही. रक्त तपासलं तरच समजते, १९७० पासून कॉगिन्स टेस्ट आहे, अन् हरियाणात हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे तिथं तपासणी होते. ताप वारंवार येत असंल तर पशुवैद्यकीय डॉक्टरला सरळ म्हणा, रक्ताचं सॅम्पल घ्या. तोवर ती घोडी बाकीच्यांपासून पावणेदोनशे-दोनशे मीटर दूर बांधा, अन् सुई दर घोडीला नवी, दहा रुपयाचीही येत नाही ती.