‘ताइहो’ची विहीर

नमस्कार श्रोतेहो. ‘ताइहो’ ही जपानी विमानवाहू नौका ७ मार्च १९४४ ला नौदलात दाखल झाली आणि १९ जूनला बुडाली. जून १९४२ मध्ये मिडवेच्या नौदल लढाईत झालेल्या पराभवातून शिकून तिला चिलखत चढवलं असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. कोबेच्या कावासाकी गोदीत तिचं काम जुलै १९४१ मध्येच सुरू झालं होतं.

विमानं वर-खाली नेणाऱ्या दोन्ही लिफ्टच्या मधल्या उड्डाणपट्टीला सुमारे ७५ मिलिमीटर जाडीचं चिलखत होतं. ५०० किलोचा बॉम्ब पेलावा, हा हिशेब. पण एवढं वजन माथ्यावर ठेवलं तर जहाज कलंडणार. म्हणून एक मजला कमी केला, सगळी रचना खाली सरकली आणि लिफ्टच्या विहिरींचे तळ पाण्याच्या पातळीखाली गेले. खोट इथेच होती.

१९ जूनला सकाळी, फिलिपाइन समुद्रात, ‘अल्बाकोर’ या अमेरिकी पाणबुडीने सहा पाणतीर सोडले. एकावर साकिओ कोमात्सु या वैमानिकाने आपलं विमानच घातलं. चार चुकले. उरलेला उजव्या बाजूला, पुढच्या लिफ्टजवळ लागला. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी खाली गेली, वेग मात्र जेमतेमच घटला. कुणी फारसं घाबरलं नाही.

पण विमानांच्या पेट्रोलच्या टाक्या तडकल्या होत्या आणि विहिरीत समुद्राचं पाणी नि पेट्रोल एकत्र साचत होतं. वर येत असलेली लिफ्ट पट्टीच्या काही फूट खालीच अडकली. विमानं तर उडवायची होती! मग सुतारांनी फळ्या, जेवणाची मेजं, बाकं टाकून ते भोक बुजवलं. पट्टी सपाट झाली खरी, पण पेट्रोलच्या वाफेची वाट बंद झाली. खाली दोन मजली बंदिस्त हँगर, म्हणजे विमानं ठेवायची दालनं.

वाफ घालवायला मग जहाजभरचे पंखे पूर्ण वेगाने सुरू केले. त्यांनी ती बाहेर नेली कमी, खोल्याखोल्यांतून पसरवली जास्त. दुपारी अडीचच्या सुमारास कुठेतरी ठिणगी पडली. स्फोटाने चिलखती पट्टी वर फुगली, बाजू फाटल्या. ताफ्याचे सेनापती ओझावा ताइहोवरून आधी विनाशिकेवर, मग ‘हागुरो’ या क्रूझरवर गेले. साडेचारच्या सुमारास ताइहो बुडाली. सुमारे २,१५० जणांपैकी १,६५० गेले. आपल्या एका पाणतीराने एवढं केलंय, हे अल्बाकोरच्या खलाशांना तेव्हा ठाऊकही नव्हतं.