स्थिर शाखेचे राखणदार

फोंड्याच्या या संगणक कक्षात मुले ज्या यंत्रांवर मराठीत टंकलेखन करीत आहेत, त्यांवर डेबियन ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ही तिची ‘स्टेबल’ म्हणजे स्थिर, सर्वसामान्य वापरासाठीची शाखा आहे.

इथवर पोहोचण्यापूर्वी प्रत्येक पॅकेजला, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरच्या बांधीव संचाला, लांबचा पल्ला गाठावा लागतो. अगदी कच्चे काम ‘एक्स्पेरिमेंटल’ या स्वतंत्र भांडारात राहते. एरवी नवी आवृत्ती प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत येते, जिचे कायमचे नाव ‘सिड’ असे आहे. तेथे ती साधारणपणे 2 ते 10 दिवस टिकली, तिच्यात नवा गंभीर दोष आढळला नाही आणि ती ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजेही सिद्ध असली, तरच एक स्वयंचलित प्रोग्राम तिला ‘टेस्टिंग’मध्ये जाऊ देतो. सुमारे दोन वर्षांनी टेस्टिंग शाखा गोठवली जाते आणि त्यानंतर कित्येक महिने केवळ दोषांचे निवारण चालते; मग तीच नवी स्टेबल शाखा म्हणून प्रकाशित होते. डेबियन 12 याच मार्गाने 10 जून 2023 रोजी, तर डेबियन 13 ही 9 ऑगस्ट 2025 रोजी प्रकाशित झाली.

डिचोलीतील हे स्वयंसेवक मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर जाणीवपूर्वक सिड वापरतात. पडद्यावर सरकणाऱ्या या ओळी म्हणजे सकाळचे अद्यतन आहे. काही बिघडले, तर ते दोष कोणत्या परिस्थितीत उद्भवतो याची तपशीलवार नोंद करतात. गंभीर ठरलेली अशी एक नोंदसुद्धा पॅकेजची पुढची वाट रोखू शकते. आमच्या मते या शाखांच्या रचनेतील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे.

मार्च 2024 मध्ये त्याची प्रचिती आली. सिड वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करायला, अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्या विलंबाचा माग काढताना एक्सझेड या संक्षेपन साधनाच्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर दडवलेला चोरदरवाजा, म्हणजे यंत्रात गुपचूप शिरण्याची वाट, त्यांना सापडला, आणि 29 मार्च रोजी त्यांनी तो जाहीर केला. सिड व टेस्टिंग वापरणाऱ्यांना तातडीने आपली यंत्रे अद्ययावत करावी लागली. स्टेबल शाखेत तेव्हा एक्सझेडची जुनी, 5.4 मालिकेतील आवृत्ती होती. तिच्यापर्यंत तो चोरदरवाजा पोहोचलाच नाही.