हमालाच्या ताटातली उसळ

[मशीद बंदर, सकाळ. भरलेली हातगाडी.]

गाडीवरची एकेक गोणी 50 किलोची. चढावर गाडी ओढणाऱ्याची पोटरी बघा, कशी टरारून येते. स्नायूच्या प्रत्येक आकुंचनाला एटीपी नावाचा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्ची पडतो आणि त्याची शिल्लक जेमतेम काही सेकंदांची असते. म्हणून पेशींतल्या तंतुकणिका ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोज आणि चरबी जाळून तो सतत बनवत राहतात. दिवसभरात इतका एटीपी बनतो की त्याचं वजन माणसाच्या वजनाच्या आसपास भरेल.

[खानावळ, दुपार. ताट जवळून.]

ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, भात, फोडलेला कांदा. घास तोंडात असतानाच लाळेतलं अमायलेज पिष्टाचे तुकडे करू लागतं. जठरात आम्ल आणि पेप्सिन प्रथिनांना भिडतात. खरं काम मात्र लहान आतड्यात होतं, सुमारे 6 मीटर लांबीच्या. स्वादुपिंडाचा रस आणि यकृतातलं पित्त तिथे येऊन मिळतं. भाकरीचं ग्लुकोज होतं, उसळीची अमिनो आम्लं. आतड्याच्या भिंतीवरचे सूक्ष्म उंचवटे ती शोषून घेतात आणि रक्त ती आधी यकृताकडे नेतं. त्यातली शंभरेक ग्रॅम साखर यकृत ग्लायकोजेन म्हणून राखून ठेवू शकतं.

भाकरीने ताकद येते हे सगळेच सांगतात, उसळीचं नाव फारसं कुणी घेत नाही. शरीराची प्रथिनं 20 अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली 9 अन्नातूनच यावी लागतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते मटकी देते. मटकीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. ही जोडी फार मोलाची आहे.

[गोण्यांवर आडवे झालेले हमाल.]

या अर्ध्या तासाला कुणी आळस म्हणू नये. ओझ्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. पेशींतले रायबोसोम अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमाने जोडत नवं प्रथिन तयार करतात आणि स्नायू पुन्हा बांधला जातो. आतड्याचं अस्तरही चार-पाच दिवसांत नवं येतं.

60 किलोच्या माणसाला रोज साधारण 50 ग्रॅम प्रथिनं हवीत. कायम कमी पडली तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, जखमाही रेंगाळतात.

[खानावळीचं गिऱ्हाईक, रिकामी वाटी पुढे करताना.]

भात इथे मागाल तितका मिळतो. उसळीच्या दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे द्यावे लागतात.