कोरलच्या लाईटमधला यूव्ही चॅनल डोळ्यानं सेट करू नका!

नमस्कार मंडळी, लातूरहून बोलायलो. मागच्या व्हिडिओला एकच प्रश्न पन्नास जणांनी विचारलाय, दादा तुमच्या झोआ (घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं बटणासारखं छोटं कोरल, म्हणजे प्रवाळ) एवढ्या चमकतात अन् आमच्या मातकट काहून दिसतात? आन त्याच्याखाली कुणीतरी उत्तर दिलंय, यूव्ही फुल्ल करून टाक. त्या उत्तराला लाईक पण भरपूर पडलेत बगा! ते वाचून राहवलं नाही, म्हणून आज फक्त ह्याच्यावरच बोलू. चॅनल म्हणजे लाईटमधल्या एका रंगाच्या दिव्यांचा वेगळा कंट्रोल, शून्य ते शंभर टक्के.

बेसिक पटकन. पाणी आरओचं, मिठाचं प्रमाण हजारात ३५, तापमान २५-२६, लाईट दिवसाला ८ ते १० तास. झालं.

आता ज्याला आपण यूव्ही म्हणतो ते बहुतेक लाईटमध्ये खरं यूव्ही नसतंच, ते ४०० ते ४२० नॅनोमीटरचं जांभळं असतं, व्हायोलेट. खरं यूव्ही, म्हणजे अतिनील, ४०० च्या खाली. एकानं विचारलंय, नोटा तपासायची लाईट टँकवर लावली तर चालंल का? नाही चालणार. ते खरं यूव्ही आहे, त्यातून कोरलला वाढीसाठी काही मिळत नाही, उलट त्रास. आन पाणी साफ करायच्या यूव्ही स्टरलायझरमध्ये २५४ नॅनोमीटरचा किरण असतो, जंतू मारणारा, त्याच्याकडं तर उघड्या डोळ्यानं बघायचंबी नाही.

आता मुद्दा. नवीन लाईट आणली तेव्हा मी जांभळा चॅनल ३० वर ठेवला, बघतो तर काय, टँकमध्ये काही फरकच नाही. विकणारा म्हणला वाढवा की, काही होत नाही. ६० केलं, ८० केलं, मग सगळं १००. संध्याकाळी टँकपुढं बसलो तर माझं पांढरं बनियन निळं निळं पेटलेलं, घरातले सगळे बघायला आले, मला लई आनंद झाला. चौथ्या दिवशी मशरूम कोरल कडेनं आत वळलं, पोळी तव्यावर जास्त राहिल्यावर कड कशी वळती तसं. आठव्या दिवशी रुपयाएवढं उरलं, वरच्या अंगानं पांढरं फटक. दोन वर्षं सांभाळलेलं होतं ते. गेलं.

चूक कुठं झाली सांगतो. आपला डोळा ४०० नॅनोमीटरला जवळजवळ आंधळा आहे. हिरवट पिवळा उजेड, म्हणजे ५५५ नॅनोमीटरचा, डोळ्याला जेवढा दिसतो त्याच्या हजाराव्या भागाएवढाबी ४०० चा जांभळा दिसत नाही. पण कोरलच्या अंगात जे शेवाळ राहतं, झूझँथेली, त्याला तो पुरेपूर पोचतो, त्यातलं क्लोरोफिल ह्याच पट्ट्यात खातं. तुम्हाला मंद वाटायलं, त्याला डोक्यावर मे महिन्यातलं ऊन. शेवाळाला उजेड झेपना की ते विषारी ऑक्सिजन तयार करतं, मग कोरल त्यालाच अंगाबाहेर काढतं, हेच ते ब्लीचिंग.

आता काही जण म्हणतील, आम्ही मोबाईलच्या लक्स ॲपनं मोजतो. अहो लक्स म्हणजेच माणसाच्या डोळ्याचं माप! डोळ्याला दिसत नाही ते लक्सला कसं दिसंल? निळ्या-जांभळ्या लाईटला ते ॲप काही कामाचं नाही. पार मीटर, म्हणजे शेवाळाच्या कामाचा उजेड मोजणारं यंत्र, चांगलं, माझ्या मते सॉफ्ट कोरलला, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्याला, ५० ते १५० पार बास, मशरूमला त्याच्याहून कमी. पण जुन्या मीटरांचे सेन्सर जांभळ्या टोकाला कमी आकडा दाखवतात, म्हणजे मीटर १०० म्हणालं तर खरं जास्त असू शकतं. परत तेच!

मग विश्वास कशावर? कोरलवर. जांभळा १० टक्क्यावर सुरू करा, आठवड्याला फक्त ५ वाढवा, वहीत तारीख लिहा, आन त्या आठवड्यात दुसरं काहीच बदलू नका. लाईट लागून पाच-सहा तास झाले की बघा. झोआ देठ लांब करून वर ताणायल्या तर उजेड कमी पडायलाय. मशरूम कडेनं वळलं किंवा झोआ दिवसा मिटून बसल्या तर १० टक्के खाली या, थांबा. त्या मशरूमनंतर माझ्या लाईटवर मी ४० च्या वर कधीच गेलो नाही.

आन चमक पाहिजे ना? मग जांभळं वाढवू नका, पांढरं कमी करा. झोआतलं प्रोटीन निळा-जांभळा उजेड घेऊन हिरवा, नारंगी बाहेर टाकतं, पांढऱ्या उजेडात ते झाकून जातं. संध्याकाळी पांढरा चॅनल शून्यावर न्या, निळा आहे तेवढाच राहू द्या, मग बघा. ज्या झोआत ते प्रोटीनच नाही, ती काही केलं तरी चमकायची नाही.

एक कमेंट मनाला लागली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आन तुम्ही घरात समुद्र करून बसलात. दादा, त्या उन्हाळ्यात मीबी घागर घेऊन रांगेत होतो. माझा टँक १५० लिटरचा आहे, आठवड्याला १५ लिटर बदलतो, आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला अन् भांड्याला जातं, थेंब सोडत नाही.

अजून एक, माझ्याकडं सगळे सॉफ्ट कोरल आहेत. दगडी कोरल वन्यजीव कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये येतात. मालवणला फिरायला गेलात तर तुकडाबी उचलू नका.

वीज गेली की टँकची लाईट चालू-बंद करणाऱ्या स्वस्तातल्या कंट्रोलरचं घड्याळ शून्यावर जातं, वीज आली की टँकची लाईट भलत्याच वेळी फुल्ल पेटती. आपल्याकडं उन्हाळ्यात वीज दिवसातून तीनदा जाती. कंट्रोलर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज आली की आधी टँकचं घड्याळ बघा, पंखा नंतर. आज माझा जांभळा २५ वर आहे, पुढच्या रविवारी ३० करणार, झोआ कशा राहिल्या ते तेव्हा दाखवतो.